साठीनंतरचा गाडीविमा: हप्ता कुठे वाचवावा, कुठे वाचवू नये

निवृत्तीनंतर घरातला बहुतेक खर्च आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. दूध, वीज, औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळ्याचा हिशेब असतो. गाडीच्या विम्याचं मात्र तसं होत नाही. मुदत संपायच्या आठवड्यात एजंटाचा फोन येतो, ‘काका, मागच्या वर्षीसारखंच करून टाकू ना?’ आणि आपण ‘हो, टाका’ म्हणून मोकळे होतो. पॉलिसी मोबाइलवर येते आणि न उघडताच राहते. या वर्षांत ऑफिसला जाणं बंद झालेलं असतं. गाडी बाहेर निघते ती भाजी, दवाखाना आणि अधूनमधून एखाद्या लग्नापुरती. वापर पार बदलला, तरी हप्ता मात्र रोज चाळीस किलोमीटर गाडी पळत असल्यासारखाच भरला जातो.

साठी ओलांडलेल्या प्रत्येक गाडीमालकाला माझी विनंती आहे की या वर्षीची पॉलिसी एकदा नीट वाचा. त्यात पैसे वाचण्यासारख्या काही जागा आहेत. काही जागा अशाही आहेत, जिथे शंभर रुपये वाचवायला जाल आणि लाखांच्या खड्ड्यात पडाल. दोन्ही ओळखता आल्या पाहिजेत.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘वय झालं, आता विमा महागणार’ ही भीती आपल्याकडे बहुतांशी निराधार आहे. परदेशातली मुलं-मुली तिकडचे लेख पाठवतात. त्यात ज्येष्ठ चालकांना जादा हप्ता, प्रशिक्षणाचा कोर्स केला तर सवलत, असं बरंच काही असतं. ते तिथे खरंही आहे, कारण अमेरिकेत बहुतेक ठिकाणी चालकाचं वय हप्त्याच्या गणितात धरतात. आपल्याकडे हप्ता मुख्यतः गाडीवर ठरतो: इंजिन किती सीसीचं, गाडी किती वर्षांची, तिची आजची किंमत किती आणि नोंदणी कुठली. मुंबई आणि पुणे ‘अ’ विभागात येतात, उरलेला महाराष्ट्र ‘ब’ विभागात. ‘ब’चा दर किंचित कमी आहे, पण तेवढ्यासाठी गावचा पत्ता दाखवण्याच्या फंदात पडू नका. तेव्हा वयाबद्दलची सवलत शोधण्यात वेळ घालवू नका आणि वयाचं कारण सांगून कुणी जादा पैसे मागितले तर ते लेखी मागा.

हप्त्याचे दोन मोठे भाग असतात. पहिला थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे हा विमा सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी २,००० आणि पुढच्या वेळी ४,००० रुपये दंड होऊ शकतो, कैदेचीही तरतूद आहे. याचा दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला २,०९४, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावरच्या गाडीला ७,८९७ रुपये आकारले गेले. वर १८ टक्के जीएसटी. आरोग्य आणि आयुर्विम्याच्या वैयक्तिक पॉलिसींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला, गाडीच्या विम्यावरचा गेलेला नाही. या भागात सगळ्या कंपन्या सारख्याच, घासाघीस चालत नाही.

घासाघीस चालते ती दुसऱ्या भागात. ‘ओन डॅमेज’ म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान किंवा चोरी. याचा दर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, आणि ज्येष्ठ माणसाची खरी कमाईही याच भागात असते. ती कमाई म्हणजे नो क्लेम बोनस.

वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या वर्षी ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. सलग दुसऱ्या वर्षानंतर २५, मग ३५, मग ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. जपून चालवणारे आपल्यातले कित्येकजण या पन्नास टक्क्यांवर पोचलेले असतात आणि त्यांना ते माहीतही नसतं. मग सोसायटीच्या फाटकाला बंपर घासला की गॅरेजवाला म्हणतो, ‘इन्शुरन्स आहे ना, क्लेम टाकू.’ इथे थांबा आणि हिशेब करा.

समजा, सूट धरायच्या आधी तुमचा ओन डॅमेजचा हप्ता ८,००० रुपये आहे. पन्नास टक्के बोनसमुळे तुम्ही ४,००० भरता. क्लेम केलात की पुढच्या वर्षी सूट शून्य होते, म्हणजे ४,००० रुपये जास्त. त्यानंतरच्या वर्षी सूट २० टक्के, म्हणजे पूर्वीपेक्षा २,४०० जास्त. मग २,०००, मग १,२००, मग ४००. पुन्हा पन्नास टक्क्यांवर पोचेपर्यंत तुमच्या खिशातून १०,००० रुपये जास्त गेलेले असतात आणि त्यावर जीएसटीचे १,८००. गाडीची किंमत दरवर्षी घटते म्हणून प्रत्यक्षातला आकडा याहून थोडा कमी भरेल, पण अंदाज हाच. आता बंपरचं बिल ७,००० रुपये असेल तर कंपनी तुम्हाला काय देणार? १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये तुमचेच असतात. बंपर प्लास्टिकचा, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर, नसेल तर प्लास्टिकच्या भागाची निम्मी किंमत घसाऱ्यात कापली जाते. हातात तीन-साडेतीन हजार आले तर नशीब. त्यासाठी दहा-अकरा हजारांचा बोनस घालवायचा नाही. किरकोळ डेंटिंग-पेंटिंग खिशातून करा, क्लेम मोठ्या अपघातासाठी राखून ठेवा.

या बोनसबद्दल आणखी तीन गोष्टी सांगायला हव्यात, कारण नुकसान होतं ते या माहीत नसल्यामुळे.

बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. साठीनंतर पुष्कळजण मोठी गाडी विकून छोटी, ऑटोमॅटिक गाडी घेतात. गुडघ्यांना क्लच सोसत नाही, ते शहाणपणाचंही आहे. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून बोनसचं प्रमाणपत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि तुमचा पन्नास टक्के बोनस नव्या गाडीला लागतो. नवी गाडी म्हणजे किंमत सर्वांत जास्त, म्हणून ओन डॅमेजचा हप्ताही सर्वांत जास्त, आणि नेमकी तेव्हाच निम्मी सूट. शोरूममधला माणूस हे बहुधा आपणहून विचारणार नाही. तुम्ही सांगा.

दुसरी गोष्ट तारखेची. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू झाली नाही तर साठवलेला सगळा बोनस जातो. मुलांकडे परदेशी चार-पाच महिने जाणाऱ्यांचं असंच होतं. गाडी पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली असते आणि विमा मात्र मधल्या काळात संपून जातो. जायच्या आधीच रिन्यू करून जा.

तिसरी गोष्ट बोलायला जड आहे, तरी बोलली पाहिजे. गाडी नवऱ्याच्या नावावर असते आणि तो जातो. दुःखात पुढचे कित्येक महिने गाडीच्या कागदांकडे कुणी पाहत नाही. मालकाच्या मृत्यूनंतर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी असेल तोवरच चालू राहते. त्या काळात वारसाने पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते, आरटीओतही गाडी नावावर करायची असते. पत्नी, मुलं किंवा आईवडील यांच्याकडे गाडी आली तर गेलेल्या माणसाचा बोनसही त्यांच्याकडे येतो. आरसी बुकावर नॉमिनी नोंदवायची सोय २०२१ पासून झाली आहे. आज दोघंही असताना ते करून टाका. काकू, गाडी तुम्ही चालवत नसलात तरी पॉलिसी कुठल्या कंपनीची आहे आणि कधी संपते, हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे.

आता वापराकडे वळू. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, जुलै २०२२ मध्ये ‘जेवढी चालवाल तेवढा हप्ता’ अशा सोयीला परवानगी दिली. वर्षाला किती किलोमीटर चालवणार ते आधी सांगायचं, त्यानुसार ओन डॅमेजचा हप्ता कमी होतो. वर्षाकाठी तीन-चार हजार किलोमीटरच गाडी फिरते, अशा निवृत्त माणसासाठी याहून सरळ सवलत दुसरी नाही. मागच्या दोन सर्व्हिसिंगच्या बिलांवर किलोमीटर लिहिलेले असतात. त्यांची वजाबाकी करा, म्हणजे तुमचा खरा आकडा कळेल. थोडी मोकळीक ठेवून मर्यादा निवडा. ती ओलांडली तर बहुधा जादा किलोमीटर विकत घ्यावे लागतात, नाही तर स्वतःच्या गाडीचं संरक्षण थांबू शकतं. थर्ड पार्टी चालूच राहते. घरात दोन गाड्या असतील तर एकाच मालकाच्या अनेक गाड्यांसाठीची फ्लोटर पॉलिसीही तेव्हापासून निघाली आहे. ती विचारून पाहा.

दुहेरी पैसे जाण्याची एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा १५ लाखांचा असणं बंधनकारक आहे आणि तो हप्त्यात जोडूनच येतो. तो गाडीगणिक लागत नाही, माणसागणिक लागतो. तुमच्या नावावर दोन वाहनं असतील तर एकदाच पुरे. स्वतंत्र अपघात विमा १५ लाखांचा किंवा जास्तीचा आधीच असेल तर, जानेवारी २०१९ पासून, गाडीबरोबर पुन्हा घ्यायची गरज नाही. तसं लिहून द्यायचं. आणि मालकाकडे लायसन्सच नसेल, डोळ्यांमुळे किंवा तब्येतीमुळे गाडी चालवणं सोडून दिलं असेल आणि लायसन्सची मुदत संपली असेल, तर हा भाग लागूच होत नाही. तरी वर्षानुवर्षं पैसे कापले जातात.

‘मीही थोडा भार उचलतो’ म्हणून घ्यायची सूट असते, तिला व्हॉलंटरी डिडक्टिबल म्हणतात. क्लेममधले पहिले अमुक रुपये माझे, असं कबूल करायचं. पूर्वीपासून चालत आलेल्या मोटार टॅरिफमध्ये २,५०० रुपये स्वतःवर घेतले तर ओन डॅमेजवर २० टक्के, पण जास्तीत जास्त ७५० रुपये सूट. ५,००० घेतले तर २५ टक्के, कमाल १,५००. १५,००० घेतले तर ३५ टक्के, पण कमाल २,५००. ही ‘कमाल’ पाहा. अडीच हजार वाचवण्यासाठी पंधरा हजारांचा धोका पत्करू नये, पेन्शनवर तर मुळीच नाही. वर्षानुवर्षं क्लेम केलेला नसेल आणि बँकेत थोडी रक्कम बाजूला असेल तर २,५०० किंवा ५,००० ठीक. आराई या संस्थेने प्रमाणित केलेलं चोरीरोधक यंत्र किंवा मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल असोसिएशनचं सभासदत्व असेल तर त्याचीही छोटी सूट टॅरिफमध्ये होती, विचारायला हरकत नाही. अपंगत्वामुळे गाडीत खास बदल करून घेतले असतील आणि ते आरसीवर नोंदलेले असतील, तर ओन डॅमेजमध्ये ५० टक्के सवलतीची तरतूद टॅरिफमध्ये आहे, ती मागा.

ॲड-ऑनच्या, म्हणजे वरून घ्यायच्या जादा कव्हरांच्या, यादीत कात्री चालवायला जागा आहे. गाडी चोरीला गेली तर बिलाची पूर्ण किंमत देणारं कव्हर जुन्या गाडीला मिळतच नाही. चावी हरवल्याचं, सामान हरवल्याचं कव्हर काढून टाका. कंपनीची रस्त्यावरची मदत आधीच गाडीच्या वॉरंटीत असेल तर पुन्हा घेऊ नका. झिरो डेप मात्र मिळतंय तोवर ठेवा, साधारण पाच-सात वर्षांनंतर कंपन्या ते देणं थांबवतात. आणि मुंबई, ठाणे, कोल्हापूर, सांगली, पुण्यात नदीकाठी राहत असाल तर इंजिन प्रोटेक्ट काढू नका. २६ जुलै २००५ विसरता येत नाही, कोल्हापूर-सांगलीचा २०१९चा पूरही नाही. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करायचा प्रयत्न केला की इंजिनात पाणी शिरून ते जाम होतं, आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान बहुधा नाकारलं जातं. गाडी बुडाली तर चावी लावू नका, कंपनीला फोन करा, टोइंग मागवा. हे नातवालाही सांगून ठेवा.

जिथे वाचवू नये, त्या जागा आता स्पष्ट सांगतो.

आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत, मुद्दाम खाली आणू नका. एजंट स्वस्त कोटेशन दाखवतो तेव्हा अनेकदा हीच किंमत घटवलेली असते. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते आणि हातात आयडीव्हीच्या हिशेबानेच रक्कम मिळते. गाडी चोरीला गेली तरी तेच. पाच वर्षांपर्यंत घसारा ठरलेला आहे, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. त्यापुढे किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, म्हणून बाजारात तशी गाडी कितीला जाते ते पाहून बोला. दोन कंपन्यांची कोटेशनं ताडून पाहताना आयडीव्ही सारखी ठेवूनच पाहा, नाही तर तुलना खोटी ठरते.

दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचं संरक्षण साडेसात लाखांपर्यंत असतं. ते सहा हजारांवर आणलं तर शंभरेक रुपये वाचतात. कृपया ते करू नका. एका महागड्या गाडीला धक्का लागला की सहा हजारांत तिचा दिवाही येत नाही, बाकीचे तुमच्या घरातून जातील.

लांबच्या प्रवासाला किंवा रात्री आपण हल्ली ड्रायव्हर बोलावतो. पगारी ड्रायव्हरच्या जबाबदारीचं कव्हर टॅरिफमध्ये पन्नास रुपयांचं आहे. ते घ्या. दुसऱ्याचा मुलगा आपली गाडी चालवताना जखमी झाला तर त्याच्या घरच्यांना काही मिळावं, यासाठी पन्नास रुपये जास्त नाहीत.

गाडी बारा-पंधरा वर्षांची झाली आणि तिची किंमत लाखाच्या आसपास उरली, तर फक्त थर्ड पार्टी घ्यावी का? विकून येतील तेवढे पैसे बुडाले तरी तुमचं घर हलणार नसेल, तर खुशाल घ्या. पण पुढे विचार बदलला तर कंपनी गाडीची तपासणी मागेल आणि बोनसही गेलेला असेल, हे धरून ठरवा. सीएनजी किट नंतर बसवलं असेल तर ते आरसीवर आणि पॉलिसीवर नोंदवा. नोंद नसलेल्या किटवरून क्लेम अडतात.

या सगळ्याहून मोठी गोष्ट लायसन्सची. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीपासून वयाच्या पंचावन्ननंतर लायसन्स पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं आणि दर वेळी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. मुदत संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. मुदत संपलेल्या लायसन्सवर अपघात झाला तर तुमच्या गाडीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. समोरच्या जखमी माणसाला कंपनीने भरपाई दिली तरी न्यायाधिकरण ती तुमच्याकडून वसूल करायला सांगू शकतं. वाचवलेला प्रत्येक रुपया तिथे संपतो. म्हणून आज लायसन्स काढून तारीख पाहा. आणि त्या डॉक्टरी प्रमाणपत्राकडे नुसता कागद म्हणून बघू नका. मोतीबिंदू, रात्री समोरच्या दिव्यांनी दिपणं, मान मागे न वळणं, साखर अचानक उतरणं, हे सगळं डॉक्टरांना मोकळेपणी सांगा. रात्री दिसत नसेल तर रात्री चालवू नका.

विम्याची खरेदी मुदत संपायच्या महिनाभर आधी सुरू करा. शोरूममधूनच विमा घेतला पाहिजे असा नियम नाही, आणि ‘आमची पॉलिसी असेल तरच कॅशलेस’ हेही खरं नाही. कॅशलेस मिळतं ते त्या कंपनीच्या जाळ्यात गॅरेज असेल तर. तुमच्या जवळचं गॅरेज कोणत्या कंपन्यांच्या यादीत आहे, ते गॅरेजलाच विचारा. तीन कोटेशनं लेखी घ्या. बोनस किती आहे ते खरं सांगा. खोटा बोनस सांगून घेतलेली पॉलिसी क्लेमच्या वेळी अंगाशी येते. आणि ‘तुमचा अडकलेला बोनस सोडवून देतो, आधी एवढे पैसे भरा’ असा फोन आला तर तो फसवणुकीचा आहे. आयआरडीएआय कुणाला फोन करून बोनस वाटत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा.

क्लेम अन्यायाने नाकारला गेला तर गप्प बसू नका. आधी कंपनीला लेखी तक्रार द्या. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर आयआरडीएआयच्या बिमा भरोसा व्यवस्थेत नोंदवा, टोल-फ्री क्रमांक १५५२५५. त्यापुढे विमा लोकपाल आहे. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत. तिथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही, कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो.